अन्सारभाईंची सहा इंची पट्टी

सातपूरच्या एका कारखान्यात अन्सारभाईंनी एकतीस वर्षं इन्स्पेक्शन केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढली आणि त्याचाच पगार घेतला. तयार पार्ट हातात घ्यायचा, चरा दिसला की शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी धरायची, अगदी जवळून फोटो काढायचा आणि पार्ट बाजूला टाकायचा. मागे काय आहे, कोण उभं आहे, याच्याशी फोटोला काही देणंघेणं नाही. आता असा माणूस रिटायर झाला म्हणून सुधारतो थोडाच! ती पट्टी आजही त्यांच्या खिशात असते. लग्नाला गेले तर शेरवानीच्या खिशात असते.

मुलाने, फरहानने, त्यांना आणि त्यांच्या बायकोला, खुर्शीदाबींना, अंदमानला पाठवलं. खुर्शीदाबींची मागणी एकच होती. त्यांची मालेगावची धाकटी बहीण शाझिया गोव्याला जाऊन आल्यापासून समुद्र आपल्याच अंगणात असल्यासारखी बोलायची. तिला दाखवायला समुद्रासमोर उभं राहून काढलेला आपला एक पूर्ण फोटो त्यांना हवा होता. खास त्यासाठी पोपटी ड्रेस शिवून घेतला होता.

अन्सारभाईंनी कबूलही केलं होतं. पण बेटावर पाय ठेवला आणि त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. खेकडा दिसला. "धर जरा," म्हणत पट्टी बायकोच्या हातात. खेकड्याची एक नांगी आखूड निघाली, सव्वा सेंटिमीटरने. मग भोकं पडलेलं केळीचं पान, तडकलेला नारळ, धक्क्याचा गंजलेला कठडा, शेपूट तुटलेला सरडा. सरडा पळाला तर त्याच्यामागे हे दोघं पट्टी घेऊन पळाले. बोटवाला लोकांना पाण्यातली प्रवाळं दाखवत होता, तेव्हा आमचे भाई बोटीच्या रंगाचा उडालेला पोपडा मोजत होते.

"फरहानचे अब्बा, माझा फोटो," खुर्शीदाबी दर तासाला म्हणायच्या.

"आधी हा शंख. तो चालत निघालाय बघ."

शेवटच्या दिवशी निघता निघता घेतला एकदाचा. पोपटी ड्रेस, मागे निळाशार समुद्र आणि सवयीने हातात पट्टी. अन्सारभाई जवळ गेले, आणखी जवळ गेले. घरी येऊन पाहिलं तर पट्टीवरचा मिलिमीटर न् मिलिमीटर स्वच्छ, पोपटी कापड धुरकट आणि समुद्र गायब. खुर्शीदाबी चार दिवस बोलल्या नाहीत. चहा मिळायचा, पण बशीशिवाय. अन्सारभाईंना फार वाईट वाटलं. तीनशे बारा फोटो आणि एकातही बायकोचं तोंड नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं काम रिजेक्ट केलं.

पुढच्या आठवड्यात मालेगावला भाचीची मंगनी होती. खुर्शीदाबी तोच पोपटी ड्रेस घालून गेल्या. शाझियाने सगळ्यांसमोर फोन मागून घेतला, तसे अन्सारभाई खुर्चीत आक्रसून बसले. ती बोटाने फोटो सरकवत राहिली. खेकडा, पान, नारळ, कठडा. हसली मात्र एकदाही नाही, आणि अन्सारभाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"आपा," ती शेवटी म्हणाली, "प्रत्येक फोटोत तुझा हात आहे गं. हा बघ, तव्याचा डाग. आमच्या गोव्याच्या फोटोंत समुद्र आहे, जहाज आहे, आमचे साहेब तर सगळ्यांतच आहेत. माझं एक बोटसुद्धा नाही."

खुर्शीदाबींनी फोन परत घेतला आणि आपल्या ताटातला गुलाबजाम गुपचूप बहिणीच्या ताटात ठेवला.

परतीच्या वाटेवर चांदवडला बस चहासाठी थांबली.

"पट्टी आहे का?" खुर्शीदाबींनी विचारलं.

असणारच. ती हातात धरून खुर्शीदाबी डोंगरांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अन्सारभाई मागे सरकले, आणखी मागे सरकले, पार रसवंतीच्या बाकड्याला धडकले. फोटोत डोक्यापासून चपलांपर्यंत खुर्शीदाबी आल्या, मागचे डोंगर आले, कोणाची तरी बकरीही आली. पट्टीवरचा मात्र एकही आकडा वाचता येत नव्हता.

अन्सारभाईंनी तरीही पास केला.