हळूभाऊंची रिकामी जागा

हळूभाऊ काम करताना स्क्रीनकडे फारसं पाहत नसत. डोळे मिटून संगणकाच्या पंख्याचा आवाज ऐकत. तो चढायच्या आधीच त्यांचं बोट हलायचं. "येऊन राह्यलं," एवढंच म्हणायचे, आणि थोड्या वेळात मानोरा गावाच्या बाजूनं खरंच आभाळ भरून यायचं. खालचा अडत्या विचारायचा, ढगांशी काही सोयरीक आहे काय.

कारंजा गावात त्या अडत्याच्या दुकानावर आमची खोली होती. शिवाराशिवारांतल्या हवामान यंत्रांकडून संदेशांची धार अखंड येई. वीज पडायचा धोका दिसला की आमचा प्रोग्राम तिथल्या शेतकऱ्यांना फोन लावी. एका वेळी किती फोन सोडायचे, तो आकडा हळूभाऊंच्या हाती. जास्त सोडले तर लाइन तुंबून कुणालाच लागत नसे. कमी सोडले तर निरोपाआधी वीज पोचे. हा आकडा ते प्रोग्राम चालू असतानाच बदलत. मी एकदा म्हटलं, बंद करून नीट बदलू. म्हणाले, "चालत्या बंडीचे बैल सोडत नसतात, राजा. हळू." नाव त्यावरूनच पडलं.

कितीही घाई असो, त्या फोनांतली एक जागा ते रिकामी ठेवत. "उशिरा येनाऱ्याले उभं कायले ठेवाचं?" दुपारी काम ओसरलं की जऊळक्याला घरी फोन लावून वहिनींना विचारत, जेवली का. एरवी त्या जागेवरून तेवढा एकच फोन जायचा.

मी जवळ बसून शिकतोय, असं त्यांना वाटे. खरं तर त्यांचा प्रत्येक बदल मी गुपचूप प्रोग्रामला पुरवत होतो, म्हणजे पुढे आकडा त्यानंच बदलावा. वरून तसं सांगणं होतं. तो बदलू लागला, तसं त्यांना घरी बसवलं. जाताना ते जिन्यात थांबले. "मले इचारलं असतं तं मीच शिकवलं असतं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात ते गेले.

प्रोग्राम उत्तम चालतो. आभाळ स्वच्छ असतानाच आकडा बदलतो, आणि मग ढग येतात. एक जागा रिकामीच राहते. हे सगळं तो त्यांच्याकडून शिकला, असं मी स्वतःला समजावतो.

पण परवा जऊळक्याला वहिनींना भेटायला गेलो. चहा देता देता त्या म्हणाल्या, "रोज दुपारी फोन येते, भाऊ. कोनी बोलत नाही, नुसता पंखा वाजते. मी आपली सांगते, जेवली म्हनून. तुमीच लावता ना?"

मी हो म्हटलं.

परत येऊन पाहिलं. वहिनींचा नंबर यादीतून केव्हाच काढलेला. त्या जागेवरून गेलेल्या फोनची कुठंच नोंद नाही.

साहेब म्हणतात, यंदा गावं वाढली, तीही जागा वापरात घ्या. त्यांचंही चुकत नाही. काल दुपारी मी आकडा बदलायला बसलो. आभाळ कोरडं होतं. पंख्याचा आवाज खाली खाली आला, पलीकडचं ऐकायला कुणी थांबावं तसा. मी बोट मागे घेतलं, आणि तो पुन्हा चढेपर्यंत श्वाससुद्धा हळू घेतला.