इंदूकाकीची तीनचाकी

खरं सांगते, आज सकाळी आचऱ्याला मी फक्त बांगडे आणायला गेले होते.

जुन्या मंडळींना आठवत असेल, कुडाळला आम्ही चौघं बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या तीनचाकी गाड्या बनवायचो. किनाऱ्यावरच्या सात मासेवाल्यांनी घेतल्या. वर्षभरात साती गाड्यांच्या मोटरी गंजल्या. आधी मोटरवाल्याशी भांडलो, मग आपसात, आणि शेड बंद केली. आता मी पुण्यात नोकरी करते. त्या शेडमधला तेलाचा वास अजून आठवतो.

त्या सातांतली एक इंदूकाकी. आज मला बघताच टोपली सोडून ती मला घरामागच्या माडाखाली घेऊन गेली. जुन्या जाळ्याखाली आमची गाडी उभी होती, लख्ख पुसलेली.

"भंगारवालो दोनदा इलो, मी देवक नाय," काकी म्हणाली. "तू येतलंस, माका म्हायत होता. बंद पडापर्यंत रोज धुतलंय गो, होडी धुवतत तशी."

"खंयच्या पाण्यान?"

"दर्याच्या! आणि खंयच्या?"

गाडीसोबतची माहितीपुस्तिका मीच लिहिली होती. 'गाडी रोज धुवा.' गोड्या पाण्याने, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

"दुरुस्त करूक इलंस मां?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

कंपनी पुन्हा उभी राहणार नाही, ठाऊक आहे. पण रजेचे चार दिवस हातात आहेत. तसली मोटर कुणाच्या अडगळीत पडली आहे का हो? मिळाली तर पहिल्या दिवशी गाडी मीच धुईन, विहिरीच्या पाण्याने.