अकरा वर्षांचा ब्लॉग आणि अक्कांची आमटी

किस्से रिकाम्या डब्यांसारखे असतात. टाकवत नाहीत, म्हणून माळ्यावर जातात, आणि एक दिवस माळाच भरतो. माझा माळा म्हणजे हा ब्लॉग. अकरा वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सुरू केला तेव्हा वरतीच लिहून ठेवलं होतं, "शिक्षण संपलं की हे दुकान बंद." मग एम.एस्सी. झालं, पीएच.डी. सुरू झाली. लोकांना वाटायला लागलं, ही पोरगी ब्लॉग चालू राहावा म्हणून शिकतेय की काय! तर मंडळी, गेल्या महिन्यात शिक्षण खरंच संपलं. जाता जाता चार डबे खाली काढते.

*

पहिला वडिलांचा. आम्ही कबनूरचे, घरात यंत्रमाग. ब्लॉग म्हणजे काय, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. मागांच्या खडखडाटात त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रोज किती मीटर निघतं?"

तेव्हापासून फोनवर अभ्यासाची चौकशी बंद. आज किती मीटर झालं, एवढंच विचारायचे. परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडून काही लिहून व्हायचं नाही. मग ते आईला सांगायचे, तिकडं लाइट गेलेली दिसतीय.

*

आमचं सगळं टोळकं जेवायला अक्कांच्या खानावळीत. तिथला नियम असा, की ताट आपलं आपण आणायचं, नाव घातलेलं. शिक्षण संपलं की शेवटच्या आठवड्यात ते अक्कांकडे द्यायचं. त्या भांडीवाल्याकडून नावाखाली एक ओळ कोरून आणतात आणि निरोपाच्या दिवशी ताट परत देतात. ओळ सगळ्यांना एकच: "सुखी रहा. अक्का."

अक्का मायाळू, पण ऐनवेळी पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी ओततात. एका शनिवारी एकदम पाच पाहुणे आले. त्या दिवशी मी "डाळ सापडल्यास कळवावे" अशी पोस्ट लिहिली. अकरा वर्षांत सगळ्यात जास्त वाचली गेली ती तीच. दुसऱ्या दिवशी अख्ख्या खानावळीनं शपथ घेतली, अक्कांना कळू द्यायचं नाही. अक्कांकडे बटणांचा फोन, त्यामुळे आम्ही निर्धास्त.

*

संग्राम आमच्यातला राधानगरीचा. पाऊस हे त्याचं हुकमाचं पान. इकडे ऊन पडलेलं असलं तरी तिकडे रस्ता पाण्याखाली आहे म्हणायचा आणि प्रॅक्टिकल बुडवायचा.

एकदा आमच्या सरांनी त्याला फोन केला. हा म्हणाला, "सर, गुडघाभर पाणी हाय, यायला जमंना झालंय." तेवढ्यात मिसळवाल्यानं "कट वाढा" म्हणून आरोळी ठोकली. सरांना ती फोनमध्येही ऐकू आली आणि शेजारूनही. सर मागच्याच बाकावर बसले होते. मागे न वळता ते फोनवरच म्हणाले, "पाणी ओसरलं की कटाचं भांडं इकडं सरकव."

हा किस्सा मी ब्लॉगवर टाकला तेव्हा धास्ती वाटत होती. सरांची प्रतिक्रिया आली, की त्या दिवशी त्यांनी चार नव्हे, दोनच पाव खाल्ले होते. मी दुरुस्ती केली.

*

मागच्या महिन्यात माझा व्हायवा झाला. विषय, कापडाच्या रंगाचं सांडपाणी. कुणीही येऊन बसावं असा कार्यक्रम असतो, म्हणून अक्का अख्खी खानावळ घेऊन पहिल्या रांगेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तासभर मला पिळून काढलं आणि शेवटी रीत म्हणून विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय का?

अक्का उठल्या. "तासभर बोलली की पोरगी. आता हिला जेवाय सोडणार का न्हाय?"

परीक्षकही मग खानावळीतच जेवले. त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली. मी मान खाली घालून जेवत होते.

*

पुण्याला नोकरी लागली. ब्लॉग बंद करायची पोस्ट लिहून झाली, पण बटण दाबवेना. संग्रामला फोन केला. तो म्हणाला, "बंद कर की. पर आधी अक्कांना सांग. अकरा वर्सं त्यांच्या हातचं खाऊन चोरासारखी जाऊ नगंस." खरं होतं ते. जिनं तापात भाताची पेज करून खोलीवर आणून दिली, तिच्यावरच मी अख्ख्या गावाला हसायला लावलं होतं. मला फार लाज वाटत होती. ही बाई आता मला दारात तरी उभी करेल का, असं वाटत होतं.

निघायच्या दिवशी दुपारी गेले. अक्का तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, तुम्हाला एक वाचून दाखवायचंय, वाटेल ते बोला पण पूर्ण ऐका. आणि "डाळ सापडल्यास कळवावे" पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पाच पाहुणे, तांब्या, सगळं.

अक्कांचा हात सुपात चालूच होता. "झालं वाचून?"

"हो."

त्या उठल्या, आत गेल्या आणि गेल्या आठवड्यात मी दिलेलं माझं ताट पदरानं पुसत घेऊन आल्या. नावाखालची ओळ नवीकोरी चमकत होती.

"पातळ आमटी खाऊन डॉक्टर झाली. अक्का."