चुलीवर न पेटलेली काळी बीअर

धाकटा भाऊ दोन वर्षांनी घरी आला, तो ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन. मी ओट्यावरच बसलो होतो. "ये" म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघालं, "आता घरापर्यंत आनली का बे?"

"तुह्यासाठीच आनली," तो म्हणाला आणि मला ओलांडून आत गेला.

आमचं बोलणं बंद होतं ते याच धंद्यापायी. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातल्या नोकरीच्या परीक्षेला मी त्याला सायकलवर डबलसीट नेलं होतं. नोकरी लागली तेव्हा पेढे त्याने नाही, मी वाटले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर आम्हाला ही पुनर्वसनाची वस्ती मिळाली, पेढे देताना तिचं एकही दार मी सोडलं नव्हतं. ती पक्की नोकरी सोडून हा नागपूरला एका पबमध्ये बीअर बनवायला लागला. मागच्या खोलीत बनवायची, पुढच्या खोलीत विकायची, असा तो पब. मला विचारलंसुद्धा नाही. मोठा भाऊ लागतो तो फक्त लग्नाच्या बोलणीला, आणि आज तोच दिवस होता. चार वाजता वरठीला मुलगी पाहायला जायचं होतं. बाबा नाहीत, म्हणजे बोलायचं मी.

आता माझी करामत सांगतो. मुलीच्या वडिलांनी फोनवर "पोरगा काय करते?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "कोल्ड्रिंकच्या कंपनीत आहे." हे भावाच्या कानावर गेलं होतं.

"आज तिथं खरं सांगजो," तो बाटल्या टेबलावर ठेवत म्हणाला. "नाई तं मी येत नाई. लग्न झाल्यावर त्या पोरीनं काय समजायचं, मी दिवसभर लेमन भरतो म्हनून?"

"आन खरं काय सांगू? दारू गाळते म्हनून सांगू?"

"काय बनवतो ते आधी पिऊन पाय. मंग तुले वाटते ते सांग."

मी दारूचा जाणकार आहे, हे नम्रपणे नमूद करतो. पीत नाही. फक्त शनिवारी, तेही पाठीच्या दुखण्यावर. त्यामुळे निकाल मी झाकण उघडायच्या आधीच लावून ठेवला होता.

त्याने स्टीलच्या गिलासात ओतली. रंग पाहून मी विचारलं, "गाडीचं ऑइल बदलवलं का?"

"याले स्टाउट म्हनते. भाजल्या जवाची बीअर."

"फेस पन मळकाच हाय. अन गरम."

"गरम नाई, कमी थंडी हाय. बर्फ टाकू नको, चव मरते."

मी फ्रिजमधून बर्फाचे चार खडे आणून टाकले. तो पाहत राहिला. त्याच्या जबड्याचं हाड हललेलं मला दिसलं आणि बरं वाटलं.

पहिला घोट. भात करपलेल्या गंजात पाणी घालून बूड खरवडावं आणि ते पाणी प्यावं, तसा. दुसऱ्या घोटाला कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसला, पाव्हण्यासारखा, उठायचं नाव नाही. मग कॉफीची चव आली, बिनसाखरेची. तिच्यामागून जळक्या गुळासारखं काहीतरी. दाट इतकी, की घोट गिळल्यावरही तोंडात थोडा उरलेला. मी एकेक दोष बोटावर मोजत गेलो. भाऊ काहीच बोलला नाही. त्याला काहीतरी बोलायला लावल्याशिवाय मला चैन पडेना.

"जोर तरी हाय का हिच्यात," मी म्हणालो, "आत्ताच पायतो."

आमच्या जुन्या गावी बाबा मोहाची दारू गाळत. पहिल्या धारेची निघाली की ओंजळभर चुलीच्या निखाऱ्यावर शिंपडायचे. भक्कन निळी पेटली तर खरी, नाही तर पाणी. दारूची परीक्षा म्हणून मला एवढी एकच माहीत. अंगणात बायकोने चुलीवर मासोळ्यांचा रस्सा ठेवला होता. मी गिलास घेऊन गेलो आणि अर्धा चुलीत ओतला.

भक्कन काही झालं नाही. चर्र झालं, राख उडाली आणि चूल विझली.

"अजी, डोस्कं फिरलं का तुमचं?" बायको पदराने डोळे पुसत म्हणाली. "मासोळ्या कच्च्या हायेत अजून. आता फुका तुमीच."

मी भावाकडे वळलो. "पानी हाय हे. पानी विकून राहिला तू लोकायले."

"गाळलेली नोहे ते, दादा. आंबवलेली हाय. पेटत नाई ते. पन नेहमीच्या बीअरपेक्षा दुप्पट जोर हाय तिले, हळू पे."

"बाबानं शिकवलं ते खोटं, अन तुह्यं खरं?"

ओल्या चुलीतून धूर येत होता, आणि त्या धुराला एक वास होता. मोहफुलं मातीच्या खापरीत भाजताना बाबांच्या अंगणात यायचा, तसा. मी तो ओळखला आणि ओळख दाखवली नाही. उलट आत येऊन बसलो आणि पाणीच आहे तर पाण्यासारखी पितो, असं म्हणून पहिली बाटली संपवली. दुसरीही अर्ध्यावर आणली. दर गिलासाला नवा दोष काढला. भावाने एक थेंब घेतला नाही, त्याला गाडी चालवायची होती.

साडेतीनला बायको नवं लुगडं नेसून आली. "उठा, कपडे घाला." मी उठलो. भिंत माझ्याकडे आली, मी तिला धरलं. शर्टाची बटणं एका घराने चुकली, परत लावली, परत चुकली.

भाऊ दारात उभा राहून बघत होता. "पानी होतं ना?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "मुद्दाम केलं तू. माह्यं लग्न होऊ नाई म्हनून."

मुद्दाम केलं नव्हतं. पण तसं सांगायला जीभ वळेना. अशा तोंडाने वरठीला गेलो असतो तर दारातच कोल्ड्रिंकचा वास त्यांना कळला असता. न जाणं म्हणजे लोकांचा अपमान. बायकोने माझा फोन माझ्या हातात कोंबला. "लावा फोन. अन काय सांगाचं ते तुमचं तुमी सांगा."

मी फोन लावला. ताप आहे असं सांगणार होतो. पण एकामागून एक खोटं रचायला डोकं लागतं आणि ते त्या वेळी माझ्याकडे नव्हतं.

"पोरगा बीअर बनवते," मी मुलीच्या वडिलांना म्हणालो. "नागपूरले. आज घरी आनली होती. मी पेलो. म्हनून मले येता येत नाई."

पलीकडून प्रश्न आला, "पोरगा पेला का?"

"नाई. थेंब नाई."

"अन कोल्ड्रिंक कोन सांगतलं होतं?"

"मी."

"मंग तुमी येऊच नका," ते म्हणाले. "त्याले पाठवा. बाई मानूस असन सोबत तं बरं."

भावाने गाडी काढली. बायको मागे बसली, माझ्याकडे न बघता. हेल्मेट हातात धरून तो थांबला. "चव कशी होती, ते सांग. शेवटचं इचारतो."

"कडू."

"आनखी?"

"खापरीचा वास येते," मी म्हणालो. "बाबाच्या."

त्याने हेल्मेट घातलं आणि गाडी वस्तीबाहेर काढली.

मी अंगणात येऊन ओल्या चुलीपुढे बसलो आणि फुंकणी घेतली. तीन वेळा फुंकलं, तीनदा राख तोंडावर आली. मासोळ्या कच्च्या होत्या, जीभ अजून कडू होती. आत बाटलीत दीड गिलास उरली होती. मी ती आवडली नाही असंच म्हणणार आहे. पण या वेळी गिलासात ओतताना बर्फ घातला नाही.