लाल औषधाचं माप

तुमची लखनौची ताई पाच वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला होता आणि ती त्यातून बरी झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं तुम्ही फोनवर अर्धंमुर्धं ऐकलं असेल, म्हणून नीट लिहिते. चूक माझी होती, तेव्हा मीच लिहिलेलं बरं.

उपचार इथे लखनौतल्याच एका मोठ्या इस्पितळात अडीच वर्षं चालले. घरात कागदांचा ढीग झाला. रक्ताचे रिपोर्ट, वॉर्डातले तक्ते, औषधांच्या चिठ्ठ्या, काहींवर डाळ सांडल्याचे डाग. ताईची आई, म्हणजे माझी लेक आणि तुमची आत्या, ती फाईल दिसली की रडायची. उपचार संपले तेव्हा ती मला म्हणाली, हे घरातून जाऊ दे. मला ते नुसतंच टाकवेना. कॉलेजपासून नोट्स काढायची सवय. मी एक जाड वही आणली, समास आखले आणि आठवडाभर बसून सगळं सुवाच्य इंग्रजीत उतरवून काढलं. तारीख, औषध, ताप आला की नाही, उलट्या किती वेळा. मग मूळ कागद रद्दीवाल्या भैयाला देऊन टाकले. सुटल्यासारखं वाटलं होतं.

ताई आता सोळा वर्षांची आहे. यंदा शाळेच्या धावण्याच्या संघात तिची निवड झाली, रोज छावणीतल्या मैदानावर सराव. एके दिवशी दुसऱ्याच फेरीत तिला इतका दम लागला की ती खाली बसली. आम्ही तिला पुन्हा त्याच इस्पितळात नेलं.

डॉक्टर बाईंनी शांतपणे समजावलं. तेव्हा सलाइनमधून दिलेल्या लाल रंगाच्या औषधाने तिचा जीव वाचला, पण तेच औषध कित्येक वर्षांनीसुद्धा हृदयाचे स्नायू दुबळे करू शकतं. जितकं जास्त शरीरात गेलं असेल तितका धोका जास्त. त्यांनी विचारलं, एकूण किती दिलं होतं?

मी मोठ्या तोऱ्यात वही पुढे केली. नर्सने पानं उलटून पाहिली.

"माताजी, लिखावट तो मोती जैसी है," ती म्हणाली, "मगर मिलीग्राम कहाँ है?"

मिलीग्राम नव्हतेच. दर वेळी फक्त एवढंच लिहिलं होतं, की लाल औषध दिलं. आकडे डॉक्टरांच्या कामाचे, आपल्याला काय करायचे, असं मला तेव्हा वाटलं असणार. इस्पितळातही जुनी नोंद सापडली नाही. डॉक्टर म्हणाल्या, माप कळत नाही तर ते जास्तच होतं असं धरून चालू.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. हृदय थोडं कमी जोराने काम करतंय. रोज एक गोळी, दर सहा महिन्यांनी तपासणी, चालणं-फिरणं चालेल, स्पर्धा तूर्त बंद. तुमची आत्या मला एका शब्दानेही रागावली नाही. कागद टाकायला तिनेच मला सांगितलं होतं, असंच ती म्हणत राहिली. त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

सरोजिनी नगरला घरी परतताना ऑटोत ताई माझ्या शेजारी होती. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं हे असंच चालतं.

"आजी, तब किसी ने बताया नहीं था कि दिल पर असर हो सकता है?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "अगदी सुरुवातीलाच. पण तेव्हा तू जगशील की नाही, तेवढंच मला ऐकू येत होतं."

तिने माझ्या मांडीवरची गोळ्यांची पिशवी उचलून स्वतःच्या दप्तरात टाकली.

"ठीक है. गोली मैं खुद देख लूँगी. आप बस कुछ लिखना मत."

घरी आल्यावर मात्र संघाच्या प्रशिक्षक बाईंना फोन करताना तिला रडू फुटलं. संघातून माझं नाव काढू नका, जागा राखून ठेवा, असं ती परत परत सांगत होती. पुढच्या इकोनंतर धावण्याचा विचार करू, असं डॉक्टर म्हणाल्या आहेत. ती तारीख आता तिच्या फोनमध्ये आहे आणि गोळीच्या नावापुढे मिलीग्रामही.