आधी माल, मग खडू

हुस्ना नदाफ नेमकं काय काम करते, हे तिच्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही. नातेवाइकांनी विचारलं की तिची अम्मी रशीदाबी ‘कॉम्प्युटर का काम’ म्हणून मोकळी होते, आणि मग गल्लीतल्या बाया बंद पडलेले मोबाइल घेऊन दारात येतात. हुस्ना तेही दुरुस्त करून देते. कुणाला नाही म्हणणं तिच्या जिवावर येतं.

तिचं खरं काम सोलापुरात सात रस्त्याजवळ, टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत चालतं. गुरुशांत सरांची ही छोटी कंपनी गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी एक पेटी बनवते. शेतकऱ्यानं किटली आणली की डेअरीतलं मशीन दुधाची फॅट मोजून आपल्या खिडकीत दाखवतं, पेटी तो आकडा उचलते आणि पावती छापते. या पेटीचा कर्नेलमधला कोड हुस्नाचा. कर्नेल म्हणजे यंत्राच्या अगदी पोटातला भाग. सगळ्यांना कामं वाटून देणारा मुकादमच म्हणा. पुण्याहून तिला दोनदा बोलावणं आलं, पगार दुप्पट. ती गेली नाही. पेटी अजून पायावर उभी राहिलेली नाही, म्हणाली. लोकांनी वेड्यात काढलं, तेही तिनं ऐकून घेतलं.

तिच्याजवळ एक निळी वही असते. तिच्यात ती स्वतःच्या चुका लिहिते, तारीख घालून. दुसऱ्यांच्या चुका पाठ असणारी माणसं पैशाला पासरी मिळतात; स्वतःच्या लिहून ठेवणारी अख्ख्या सात रस्त्यावर ही एकच असावी.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका शुक्रवारी केम गावच्या डेअरीच्या सेक्रेटरींचा फोन आला. गावातल्या चांगुणाबाईंच्या म्हशीच्या दुधाची फॅट एरवी सातच्या वर. पण दोन महिन्यांत तीनदा एकदम साडेतीनच्या आसपास आली होती. बाई दुधात पाणी घालतात असं ठरल्यातच जमा होतं. सोमवारी सकाळी सभासदांसमोर त्यांचं नाव कमी करायचं होतं, आणि त्यासाठी सेक्रेटरींना कंपनीचं पत्र हवं होतं की पेटीत दोष नाही. चांगुणाबाई बौद्धवाड्यातल्या. त्या वस्तीतून डेअरीला दूध घालणारं पहिलं घर त्यांचं, आणि ते सभासदत्व मिळवायला त्यांना सहा वर्षं लागली होती. सेक्रेटरींनी हे सांगितलं नाही. हुस्नाला ते नंतर कळलं.

सर म्हणाले, तपासून पत्र देऊन टाक. तिनं कोड आपल्या लॅपटॉपवर पाच लाख वेळा चालवला. एकही आकडा चुकला नाही. तिनं पत्र टाइपही केलं. सही करायच्या आधी मात्र तिच्या मनात आलं, ज्या बाईचं नाव आपण पुसायला निघालो तिचा आवाज तरी ऐकावा. सेक्रेटरींकडून नंबर घेऊन तिनं फोन लावला.

“बाय, मशीनच्या खिडकीत सात हुतं. मी माज्या डोळ्यांनी बगितलं. कागुदावर तीन आलं. मला आकडं वाचता येत्यात की,” चांगुणाबाई म्हणाल्या.

हे त्या दोन महिने सांगत होत्या आणि कुणी कानावर घेतलं नव्हतं, कारण डेअरीत कागद खरा. हुस्नानं मात्र घेतलं. खिडकीत एक आणि कागदावर दुसरं, म्हणजे मोजलेलं बरोबर होतं आणि पुढं बिघडलं होतं. त्यापुढचा सगळा रस्ता तिच्याच हातचा होता. तिनं पत्र फाडलं.

रविवारी दुपारी ती ऑफिसातल्या एका पेटीतला बोर्डच घरी घेऊन आली आणि पलंगावर मांडून बसली. लॅपटॉपवर तपासणं हीच पहिली चूक, हे तिनं वहीत आधी लिहून टाकलं. पेटीच्या चिपमध्ये चार कामकरी एकाच वेळी राबतात. एक जण मशीनकडून फॅटचा आकडा घेऊन ठेवतो आणि ‘आकडा तयार’ अशी खूण करतो. दुसरा ती खूण दिसली की आकडा उचलून छापायला देतो. लॅपटॉपची चिप या बाबतीत कडक, लिहिलेलं त्याच क्रमानं इतरांना दिसू देते. पेटीतली चिप वेळ वाचवायला एकमेकांशी संबंध नाही असं वाटणारी कामं मागंपुढं करते. तसं करायला तिला मुभा असते. नको असेल तर कोड लिहिणारानं बजावून सांगायचं असतं.

आणि हुस्नानं सांगितलं नव्हतं. खूण तिनं ॲटॉमिक केली होती आणि तेवढ्यावर निर्धास्त राहिली होती. ॲटॉमिक म्हणजे ती खूण कुणाला अर्धवट दिसणार नाही, एवढाच वायदा. शेजारचा आकडा तोवर पोचलाय की नाही, याचा त्या वायद्याशी काही संबंध नाही.

बोर्डावर तिनं तोच कोड वीस लाख वेळा चालवला. अकरा आकडे चुकले, आणि चुकलेला प्रत्येक आकडा त्याच्या आधीचाच होता, जसाच्या तसा. तिनं केमच्या नोंदी उघडल्या. तिन्ही वाईट दिवशी चांगुणाबाईंच्या पावतीवर छापलेला आकडा रांगेत त्यांच्या पुढं उभ्या असणाऱ्या ज्ञानूचा होता, दशांशापर्यंत. ज्ञानूचं दूध गाईचं. डेअरीत मशीन, छपाई, रांग सगळं एकदम चालतं, तिथं हे जास्तच वेळा होत असणार. बाकीच्यांच्या पावत्याही अधूनमधून चुकल्या असणार, पण गाईमागं गाय आणि म्हशीमागं म्हैस असली की चार दोन पॉइंटांचा फरक कोण बघतो? चांगुणाबाईंचा तेवढा डोळ्यावर आला.

हुस्ना हुंदका देऊन रडली. रशीदाबी घाबरून स्वयंपाकघरातून आली, आणि तिचे अब्बा, हाशमभाई, पेपर बाजूला ठेवून उठले. हाशमभाईंनी तीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालांचा मुकादम म्हणून काढलेली. त्यांना चिपमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण कामकऱ्यांचं कळत होतं. तिनं रडत रडत सांगितलं तसं त्यांनी विचारलं की मग खडू कोण मारतं.

त्यांच्या गोदामाचा रिवाजच तसा होता. ट्रक भरला की मुकादम मागच्या फळीवर खडूनं फुली मारायचा, आणि फुली दिसल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. शेवटचं पोतं आत गेल्याशिवाय खडू खिशातून काढायचा नाही, हा हाशमभाईंचा कायदा. आधी माल, मग खडू. लहानपणी डबा द्यायला गेलेल्या हुस्नानं तो शंभरदा पाहिला होता. तिनं डोळे पुसले आणि लिहिणाऱ्या कामकऱ्याला तोच कायदा लावला: आकडा सगळ्यांना दिसेल असा ठेवल्याशिवाय खूण करायची नाही. या धंद्यात त्याला रिलीज म्हणतात.

पुन्हा वीस लाख. आता चारच चुकले. पण चुकलेच.

ती डोकं धरून बसली. लिहिणारा सुतासारखा सरळ झाला होता, मग जुना आकडा येतो कुठून? चहा पिता पिता हाशमभाईंना त्यांचा एक ड्रायव्हर आठवला. तो मोठा उतावळा. गाडी भरत असतानाच आत डोकावून पोती मोजून ठेवायचा, म्हणजे नंतर वेळ नको जायला. एकदा त्यानं चाळीस मोजली, टपरीवर गेला, परत येतो तर फळीवर फुली. गाडीत तेव्हा साठ होती आणि यानं कागदावर चाळीस लिहून गाडी नेली. मुकादमाची काही चूक नव्हती आणि खडूचीही नव्हती.

“खडू दिखने के पैले जो देखा, वो देखाच नै,” हाशमभाई म्हणाले. त्या दिवसापासून गोदामातला दुसरा कायदा हाच झाला होता.

हुस्ना कप तसाच ठेवून उठली. वाचणारा कामकरी असाच उतावळा होता. खूण बघायच्या आधीच तो आकडा उचलून ठेवत होता, आणि मग खूण दिसली की तोच शिळा आकडा पुढं सरकवत होता. तिनं त्यालाही बजावलं: आधी खूण बघ, मगच आकड्याला हात लाव. हे अक्वायर. एकानं शिस्त पाळून भागत नाही, दोघांनी पाळावी लागते, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. कळलं मात्र त्या दुपारी. दिवेलागणीपर्यंत बोर्ड एक कोटीच्या वर चालला आणि चुका शून्य आल्या. तरी ती हुरळली नाही. शून्य तर लॅपटॉपवरही आलं होतं. या वेळी ते का आलं हे तिला सांगता येत होतं, एवढाच फरक, आणि तिच्या लेखी तोच खरा.

सरांना तिनं लगेच फोन केला. सर शहाणे गृहस्थ, पण धंदा आहे. ते म्हणाले, नवा कोड गपचूप पाठवून दे, नेहमीचा अपडेट म्हणून. यापुढं बाईंचा आकडा चुकणार नाही आणि प्रकरण आपोआप थंड होईल.

“सर, पेटी दुरुस्त झाली. बाईंच्या नावावरचा डाग अजून तसाच आहे. मी उद्या केमला जाते,” हुस्ना म्हणाली.

सर म्हणाले की जा, पण दोष कंपनीचा म्हणून सांग, तुझा म्हणू नकोस. असंही माणूस असतं.

सोमवारी ती पहाटेच्या गाडीनं केमला गेली. डेअरीपुढं रांग लागलेली, सेक्रेटरी खुर्चीत, आणि एका बाजूला लुगड्याचा पदर आवळून उभ्या चांगुणाबाई. किटली त्यांनी आणलीच होती, कुणी घेवो न घेवो. सेक्रेटरी म्हणाले, आधी पेटी बघून घ्या. हुस्नानं पेटीला हातच लावला नाही. आधी बोलते, मग पेटी, असं म्हणाली. मग चाळीसेक माणसांपुढं तिनं सांगितलं की पेटी चुकली, पेटी तिनं बनवलेली, चूक तिची, आणि या मावशींच्या दुधात पाण्याचा थेंब नव्हता. सरांनी सांगितलेलं तेवढं ती विसरली.

माणसं एकमेकांकडं बघू लागली. सेक्रेटरींनी घसा साफ करून विचारलं की मग बाईंच्या पावतीवर आकडा कुणाचा होता. खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं. तिनं ज्ञानूचं नाव सांगितलं. लगेच मागून कुणीतरी हसलं, म्हणजे पाणी ज्ञानूचं म्हणायचं. दुसरा म्हणाला, तरीच. ज्ञानूचा चेहरा उतरला. दोन महिने चांगुणाबाईंवर लागलेल्या नजरा एका क्षणात त्याच्यावर येऊन बसल्या.

चांगुणाबाई तेव्हा पहिल्यांदा पुढं आल्या.

“त्याला कुनी काय बोलायचं न्हाय. गाईचं दूद हाय त्याचं, तेवडंच लागतंय. दोन म्हयनं मी काय सोसलं ते मला म्हाईत.”

सेक्रेटरींनी पुढ्यातला, बाईंचं नाव कमी करायचा कागद उचलून घडी घातली आणि बाईंची किटली स्वतः उचलून मशीनपाशी ठेवली. हुस्नानं मग पेटीत नवा कोड घातला. चांगुणाबाईंनी आधी मशीनच्या खिडकीत बघितलं, नंतर पावती घेऊन तिच्यावर बघितलं. दोन्हीकडं सात पॉइंट दोन. पावती त्यांनी पदराच्या गाठीत बांधली आणि हुस्नाला म्हणाल्या, चल घरी, सकाळपासून काय खाल्लं नसशील.