खेमचंदकाकांकडे चोराला काय मिळणार?

खेमचंदकाकांचा आवाज काढणं सोपं आहे. आधी नाकपुड्या फुगवायच्या, हनुवटी छातीला टेकवायची, आणि समोरच्याने कितीही साधी गोष्ट सांगितली तरी म्हणायचं, "मले शिकवून राह्यला का तू?" कारंज्यातल्या आमच्या गल्लीत हे वाक्य इतकं पाठ आहे की भाजीवाल्या गोमतीबाई काकांना पाहिलं की भाजीचा भाव सांगायच्या आधी तेच म्हणून मोकळ्या होतात.

काकांचं आडतीचं दुकान होतं. ते आता मुलगा पुनीत बघतो आणि काका तिकडे फिरकत नाहीत म्हणून दुकान बरं चालतं. रिकामा माणूस घरात नुसता घुमतो, म्हणून जैन समाजाने त्यांना वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम दिलं. जिल्हाभरातल्या लग्नाळू पोरापोरींचे फोटो, शिक्षण, उंची, घरचा पत्ता, फोन नंबर गोळा करायचे आणि मेळाव्याआधी पुस्तक छापून घ्यायचं. काकांनी हे असं स्वीकारलं, जणू त्यांच्याशिवाय समाजात कोणाचं लग्नच लागणार नव्हतं.

हे सगळं राहायचं त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरात. पुनीतची मुलगी शाळेत असताना घेतलेली ती पेटी. त्यावर काकांच्या पत्नी धापूकाकूंनी विणलेलं पांढरं झाकण. काका ते नवरीचा पदर उचलावा तसं दोन बोटांनी उचलायचे. मग बटण. मग पेटी दम्याच्या रोग्यासारखी घरघरायची, आणि काका कौतुकाने म्हणायचे, "पाय कशी गाते."

पडद्याच्या कोपऱ्यात रोज पाटी यायची: अपडेट बाकी आहेत. दारावर आलेल्या सेल्समनला हाकलावं तसं काका तिला हाकलायचे. "नंतर ये."

एकदा पुनीतने विचारलं, "बाबा, करून कायले नाही टाकत एकदाचं?"

"चालत्या बंडीचं चाक कोनी काढते का? कंपनीवाल्याइचा डाव असते तो. अपडेट केलं की मशीन हळू होते, मंग आपन नवं घेतो. मी काय आडतीत केस उन्हानं पांढरे केले?"

कधी चुकून अपडेट सुरू झालंच, तर त्यावरही उपाय होता. पडद्यावर यायचं, काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. काका खिडकीतून सूर्य बघायचे. सूर्य टेकला की थेट भिंतीतला प्लग ओढायचा. "दिवेलागनीले उजेडावर किडे येतात. जीवहत्या होते." धापूकाकू सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेत नाहीत आणि त्याबद्दल कधी अक्षर बोलत नाहीत. काकांचा नियम मात्र फक्त कॉम्प्युटरला लागू होता. शेजारच्या खोलीतला त्याहून मोठा टीव्ही क्रिकेट संपेपर्यंत लख्ख चालायचा. तिथले किडे बहुधा मॅच बघायला यायचे.

अर्धवट अपडेट, पुन्हा अर्धवट अपडेट. पेटीची तब्येत म्हणजे अर्ध्यात सोडलेल्या औषधांचं दुकान.

आता कृतिका. अंजनाकाकूंची मुलगी, अमरावतीला कॉम्प्युटर शिकली आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम कारंज्यात बसून करते. आईच्या हट्टापायी ती आपला बायोडाटा द्यायला काकांकडे गेली. मरून रंगाच्या साडीतला, स्टुडिओत काढलेला फोटो सोबत. काकूंनी चहा आणला, तेवढ्यात कोपऱ्यातली पाटी कृतिकाला दिसली.

"काकाजी, हे कायले थांबवून ठेवलं? जुन्या मशीनले भोकं असतात. अपडेट ती बुजवाले असते. नाही केलं तर कोनीही आत घुसते."

नाकपुड्या फुगल्या. "मले शिकवून राह्यली का तू? कोन घुसते? दाराले कुलूप हाय. गल्लीत कुत्रं हाय."

"दारातून नाही, नेटवरून."

"नेट मी वापरलं की बंद करतो."

"चालू असते तवाच येते ना तो."

"तवा मी सोता समोर बसेल असतो!" काका छाती पुढे काढून म्हणाले. जणू चोर आधी त्यांना नमस्कार करणार होता. "अन् माह्याजवळ चोराले भेटन काय? दोन स्तवनं अन् नातीचा फोटो."

"तुमचं काही नसन, काकाजी. आमचं हाय ना सारं त्याच्यात."

हे वाक्य काकांच्या एका कानावर आपटलं; दुसऱ्या कानातून बाहेर पडण्याइतकंही ते आत शिरलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात काकांना एक ईमेल आला. परदेशात नोकरी करणाऱ्या कोण्या मुलाचा बायोडाटा जोडला होता. काका हुरळले. उघडायला गेले, उघडेना. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग काकूंना हाक मारली, "अवो, या इकडं. पोरगा लाजाळू दिसते, बाहेर येऊनच नाही राह्यला." लाजाळू पोरगा बाहेर कशाला येईल? तो आत गेला होता.

काही दिवसांनी कृतिकाचा फोन वाजू लागला. अनोळखी माणसं, घाणेरडं बोलणं. तिने एकाला दरडावून विचारलं तेव्हा कळलं: कुठल्याशा भिकार साइटवर तिचा मरून साडीतला फोटो होता, खाली नंबर, आणि 'गप्पा मारायला आवडेल' असं लिहिलेलं. तिने पोलिसांत तक्रार केली, साइटवाल्यांना लिहिलं. पण बोभाटा पुढे पळाला होता. मंगरूळपीरच्या ज्या घरी तिचं जमत आलं होतं, त्या घरच्या बाईंचा अंजनाकाकूंना फोन आला. "तुमच्या पोरीनंच टाकला म्हनतात फोटो. आमी जरा थांबतो."

कृतिका काकांकडे गेली. "तो फोटो मी तुमाले सोडून कोनालेच नाही दिला. मेळाव्यात एवढंच सांगा की तो तुमच्या कॉम्प्युटरातून गेला. माहं नाव खराब होऊन राह्यलं."

"अन् माहं?" काका म्हणाले. "समाजात माही काही इज्जत हाय."

आणि ती इज्जत राखण्यासाठी ते मंदिराच्या पायऱ्यांवर चपला घालता घालता ज्याला त्याला सांगत सुटले, "आजकालच्या पोरी. मोबाईल हातात अन् अक्कल गहाण." आवाजात केवढी करुणा! साखरेत घोळलेली लवंगी मिरची.

मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालय गच्च भरलं. काकांना शाल मिळाली. काकांनी माइक पकडला आणि पोरींनी फोटो जपून ठेवावेत यावर भाषण ठोकलं. मंगरूळपीरच्या बाई समोरच मान डोलवत होत्या. मग एकेका उमेदवाराने स्टेजवर येऊन आपला परिचय द्यायचा होता. काका बाजूला, माइकला खेटून उभे, कोणी जास्त बोललं तर ओढून घ्यायला.

कृतिका आली. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मग म्हणाली, "माहा चोरलेला फोटो तुमी साऱ्याइनं पायला. तो मी फक्त पुस्तिकेसाठी देल्ला होता. तुमच्यापैकी अजून कोनाले असे फोन येतात? येत असतीन तर हात वर करा."

काकांनी माइककडे हात नेला. तिने सोडला नाही.

मग मागच्या रांगेतून एक हात, अर्धाच, खांद्याइतका. मग खिडकीजवळून दुसरा. मग हात येत गेले. मानोऱ्याची, वाशिमची, रिसोडची पोर, प्रत्येकीला वाटत होतं की आपणच कुठेतरी चुकलो, म्हणून प्रत्येकीने ते लपवलं होतं. एक उंच पोरगाही हात वर करून उभा राहिला. "मले बी येऊन राह्यले मेसेज. मले वाटलं खरंच कोनाले आवडलो." लोक हसले, त्याने मात्र हात खाली घेतला नाही.

शेवटी पहिल्या रांगेतून नीलमचा हात वर गेला. नीलम म्हणजे काकांची सख्खी नात, पुनीतची मुलगी.

"तू तरी खाली कर वं," काका कुजबुजले. माइक चालू होता. कार्यालयाने ऐकलं.

"कायले, आजोबा? माहा फोटो बी त्याच्यातच होता ना. मी घरात सांगाले भेली."

"मले काय मालूम असं होते म्हून? कोनी सांगतलं होतं का मले?"

बायकांच्या बाजूने धापूकाकू उठल्या. त्या चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून आवाज बारीक निघाला, पण सगळ्यांना पुरला. "कृतिकानं सांगतलं होतं. मी चहा घेऊन तिथंच उभी होती."

काकांनी शालीचं टोक चाचपलं. कृतिकाने माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

"माह्याच कॉम्प्युटरातून गेलं ते," काका म्हणाले. हा आवाज अजून कोणाला काढता आलेला नाही. मग लगेच हनुवटी वर आली. "पन..."

'पन'च्या पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. पुनीतने माइकची वायर काढून टाकली होती.

पेटी त्याच दुपारी पुनीतने उचलून नेली. तिच्यातल्या सगळ्या पोरापोरींची माहिती कृतिका आणि नीलमने बाजूला काढून कुलूपबंद केली, पेटी पुसून कोरी केली, आणि मग एकामागून एक सगळी अपडेटं होईपर्यंत दोघी तिच्यासमोर बसून राहिल्या.

पण त्याआधी, जेवणाच्या पंगतीत, मंगरूळपीरच्या बाई हसत हसत आल्या. अंजनाकाकूंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमाले आधीपासूनच वाटत होतं, पोरगी सोन्यासारखी हाय. आता आमची काही हरकत नाही."

अंजनाकाकूंचे डोळे भरून आले. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

कृतिकाने तोंडातली बुंदी नीट चावून गिळली. "आमची हाय," ती म्हणाली, आणि वाढप्याला हाक मारून कढी मागितली.